घर विकूनही न गेलेले काकाजी

घर विकल्यावरही रोज सकाळी त्याच घरी येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. फाटकाशी थांबणं नाही, हाक देणं नाही. ते सरळ आत यायचे, चपला खांबाशी काढायचे, समोरच्या सपरीतली, म्हणजे ओसरीतली, बाजेसारखी माची भिंतीपासून हातभर पुढे ओढून बसायचे आणि आतल्या दिशेनं विचारायचे, "चहा झाला का, मॅडम?" माझी बायको पहिल्या आठवड्यात दचकली. दुसऱ्या आठवड्यापासून तिनं चहाचं आधण तिघांचं ठेवायला सुरुवात केली. गावात त्यांना सगळे काकाजी म्हणत. आम्ही दोघं आपसात त्यांना जुने मालक म्हणायचो. नवा मालक मी होतो, पण तसं मला कुणी म्हणत नसे. बायकोही नाही.

बायकोची बदली सानगडीच्या शाळेत झाली तेव्हा आम्ही लाखनीला हायवेच्या कडेला दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. ट्रक गेला की ताटातलं वरण हलायचं. मला मोठ्या घराची फार हौस. घराबद्दलचं माझं ज्ञान मात्र छप्पर वर असतं आणि जमीन खाली, इतपतच. सानगडीतलं एक मोठं जुनं कौलारू घर विकायचं आहे असं कळल्यावर मी बायकोला घेऊन बघायला गेलो. सागवानी खांब, जाड मातीच्या भिंती, मागे विहीर. माझा निर्णय फाटकातच झाला. बायको आत गेली.

काकाजींनी घर दाखवलं ते असं. "हे पाहा सर, अथून गळते. तथूनही गळते. हा खांब आतून पोकळ असन, मी काही पाहिला नाई. त्या खोलीत साप निघाला होता. गेला असन आता." परत येताना मी बायकोला म्हटलं, किती प्रामाणिक माणूस आहे बघ. पुढे कळलं की त्यात प्रामाणिकपणा नव्हता, आम्हाला पळवून लावायचा तो प्रयत्न होता. आमच्याआधी आलेली चार गिऱ्हाइकं तशीच पळाली होती. मीच एकटा असा निघालो, की गळकं छप्पर दाखवल्यावर माझा विश्वास आणखी पक्का झाला.

घर विकायचं काकाजींच्या मनात नव्हतंच. ते त्यांच्या मुलाच्या मनात होतं. काकू गेल्यापासून काकाजी त्या एवढ्या घरात एकटे. मुलगा नागपूरला, चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तो काही वाईट नव्हता. वडील एकटे आजारी पडले तर पाणी कोण देईल, या काळजीनं तो बिचारा मेटाकुटीला आला होता. खरेदीच्या दिवशी सह्या झाल्या आणि तो म्हणाला, "बाबा, गाडी आणली आहे. आजच चला." काकाजी शांतपणे म्हणाले, "आज कसा येऊ? सरले शब्द देला ना मी. घर उभं करून देतो म्हणलं. काम झालं का त्याच दिवशी येतो."

मला त्यांनी असा काही शब्द दिलेला नव्हता. पण बाप-लेकाच्या बोलण्यात काकाजींना खोटं कसं पाडायचं, म्हणून मी मान हलवली. काकाजी शेजारच्या गल्लीत पुतण्याकडे राहायला गेले, मुलगा रिकामी गाडी घेऊन परत गेला आणि आम्ही मागच्या दोन खोल्यांत संसार थाटून पुढच्या घराचं काम काढलं. त्या मान हलवण्याची किंमत पुढे किती पडणार आहे हे मला माहीत असतं, तर मी त्या दिवशी मानेला पट्टा बांधून गेलो असतो.

काम सुरू झालं आणि काकाजींची खरी करामत दिसू लागली. मिस्त्री वेळेवर यायचा. काकाजी त्याच्याही आधी आलेले असायचे. मिस्त्रीनं थापी हातात घेतली की ते म्हणायचे, "थांब बा, खर्रा तं घोटू दे." प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून ते तो खर्रा असा घोटायचे, असा घोटायचे, की तेवढ्या वेळात दुसऱ्या गावी एखादं घर बांधून व्हावं. घोटता घोटता गोष्टी चालायच्या. मिस्त्री थापी खाली ठेवायचा. मग जेवायची वेळ व्हायची. मी एकदा हिंमत करून म्हणालो, "काकाजी, जरा काम पुढे सरकलं तर बरं." ते माझ्याकडे अतिशय मायेनं बघत म्हणाले, "सर, हे घर शंभर वर्सं उभं हाये. तुमच्या एका आठवड्यानं त्याले काय फरक पडते?" मला फरक पडत होता, पण मी काही शंभर वर्षं उभा नव्हतो.

त्या घराची दारं बुटकी. मी उंच. पहिल्या महिन्यात असं एकही दार राहिलं नाही की ज्यानं माझ्या कपाळाची ओळख करून घेतली नाही. शेवटी मी मिस्त्रीला चौकटी उंच करायला सांगितल्या. काकाजी माचीवरूनच म्हणाले, "तुमी लंबे हाव, त्यात दाराचा काय कसूर?" मिस्त्री हसला. माझी बायको आतून हसली, ते मला जास्त लागलं. चौकटी आहेत तशाच राहिल्या. मी वाकायला शिकलो.

आणखी एक प्रसंग फोटोचा. सपरीत समोरच बुद्धाचा मोठा फोटो लावायचा असं बायकोनं ठरवलं होतं. मी खिळा आणि हातोडी घेऊन खांबाशी उभा राहिलो तर मागून आवाज आला, "ओ सर." मी थबकलो. मनात आलं, झालं, आता काहीतरी ऐकावं लागणार. घर पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं, गाव जुनं, माणसं जुनी. काकाजी उठून जवळ आले. "फोटो बरोबर हाये. जागा बी बरोबर हाये. पण सागवानाच्या खांबात खिरा कायले ठोकता? भिंतीत ठोका ना." मग त्यांनी स्वतः खुंटी तासून आणली, भिंतीत बसवली आणि दहा पावलं मागे जाऊन फोटो तिरपा आहे असं सांगितलं. त्या फोटोच्या तिरपेपणावर दोन दिवस गेले.

तरीही छपराचं काम पुरं होत आलं होतं. पण एक चमत्कार घडायला लागला. आज कवेलू, म्हणजे कौलं, घालून पुरी केलेली ओळ उद्या सकाळी फुटलेली. वानरं यायची, छपरावर उड्या मारायची आणि नेमकी नवी कवेलू फोडून जायची. शेजारच्या घरांवरही कवेलू होती, तिथं ती फिरकत नसत. मी मिस्त्रीला म्हटलं, "यांना आमचंच घर का सापडतं?" मिस्त्री आभाळाकडे बघू लागला.

उलगडा बायकोनं केला. एका सकाळी ती शाळेत जायला लवकर तयार झाली आणि बाहेर आली, तर काकाजी अंगणात उभे. खांद्याला पिशवी. पिशवीतून मूठभर भुईमुगाच्या शेंगा काढून ते छपरावर फेकत होते. सावकाश, नेम धरून, नव्या ओळीवर.

"काकाजी, हे काय करून राहिले तुम्ही?" ती म्हणाली. ती नागपूरकडची. रागावली की तिची शाळेतली भाषा सुटते.

काकाजींनी पिशवी पाठीमागे केली. "मुकं जनावर हाये, मॅडम. पुण्य लागते."

"आमच्याच छपरावर?"

"मले दुसरं छप्पर कुठी हाये?"

एवढं बोलून ते माचीवर बसले. मी तोवर ब्रश तोंडात धरून बाहेर आलो होतो. काकाजी माझ्याकडे न बघता बायकोशीच बोलत राहिले. "काम झालं का पोरगा मले घेऊन जाते. चांगला हाये तो. सून बी चांगली हाये. पण तथी दार लावून बसतेत लोकं. मी दिवसभर काय करू? खालतं उतराव, वर चढाव? कोणी इचारत बी नाई, काहून आले म्हणून."

मी रागावायच्या तयारीत होतो. कवेलू माझी, शेंगासुद्धा बहुतेक माझ्याच सपरीतल्या पोत्यातल्या. पण तोंडात फेस होता. थुंकून येईपर्यंत बायकोनं चहा आणून त्यांच्या हातात दिला होता आणि विषय संपला होता. एवढंच म्हणाली, "शेंगा बंद. आणि मंडईच्या आधी मला पूर्ण घर पाहिजे. पुढचं पुढे बघू." काकाजींनी मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी तरी विश्वास ठेवला नाही, कारण मान कशी हलवतात हे मला माहीत होतं. पण शेंगांचं त्यांनी पाळलं. वानरं यायची बंद झाली.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. त्या दिवशी बाजार, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. लेकी-जावई, सोयरे, सोयऱ्यांचे सोयरे. सानगडीच्या मंडईच्या दिवशी दुपारी आमच्या फाटकातून एक म्हातारं जोडपं आत आलं. मग एक भरलेली जीप आली. मग पायी सात-आठ जण. कुणी आम्हाला ओळखत नव्हतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. बायांनी पिशव्या कोपऱ्यात ठेवल्या, पुरुषांनी विहिरीवर पाय धुतले. एका गृहस्थानं मला विचारलं, "तुमी कोणाकडचे?"

मी म्हणालो, "मी इथलाच."

"असं का. बसा मंग," असं म्हणून त्यांनी मला माझ्याच माचीवर जागा करून दिली.

काकाजींनी दरवर्षीसारखी सगळ्यांना मंडईचं बोलावणं दिलं होतं. घर विकलं, म्हणजे पाहुणे आता कुठे उतरायचे, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातच आला नव्हता, आणि पाहुण्यांच्याही नाही. सोयरे काकाजींचे होते, तसे त्या घराचेही होते. मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, "आता काय करायचं?" ती भिजलेली उडदाची डाळ वाटायला लागली होती. "वडे," ती म्हणाली.

काकाजी त्या दिवशी खऱ्या अर्थानं मालक होते. नव्यानं सारवलेली भिंत दाखवत होते, छप्पर दाखवत होते, बोलताना "आमी हे बदललं, आमी ते नवं घातलं" असं म्हणत होते. मी ते "आमी" बनून मागे उभा होतो. जेवणं झाली. एका म्हाताऱ्या सोयऱ्यांना आडवं व्हायचं होतं. काकाजी म्हणाले, "बसा, मी गादी आणतो," आणि ताडताड आत गेले.

सपरी आणि छप्पर त्यांचं राज्य. पण आम्ही राहायला आल्यापासून आतल्या घरात त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं, बाईमाणसाचा संसार म्हणून. मधल्या खोलीत जिथं त्यांच्या गाद्यांची उतरंड असायची, तिथं आता बायकोची शाळेची कपाटं होती. ते तिथं उभे राहिले. मग बाजूच्या खोलीत गेले. तिथं आमचा पलंग. ते परत फिरले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आले. कढईतून वडे काढत असलेल्या माझ्या बायकोला त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, गाद्या कुठी ठेवता तुमी?"

तिनं जागा सांगितली. त्यांनी गादी नेली, अंथरली. मग मात्र संध्याकाळपर्यंत ते पाहुण्यांसारखे एका कडेला बसून राहिले, आणि बायकोनं वडे पुढे केले तेव्हा "पुरे जी, पुरे," असं म्हणाले. यापूर्वी ते आमच्या घरी कधी पुरे म्हणाले नव्हते.

मंडईनंतर तिसऱ्या दिवशी सपरीचा शेवटचा कोपरा सारवून झाला. त्या दोन दिवसांत काकाजींनी खर्रा काढला नाही. मिस्त्रीच म्हणाला, "काकाजी, जरा दम घेऊ द्या ना." आता घाई त्यांना आणि आळस आम्हाला, असं उलटं होऊन बसलं. बायको म्हणाली, "मागची भिंत राहिलीच आहे, काकाजी. ती एवढी करून द्या, मग जा."

"मांगच्या भितीले काही नाई झालं," ते म्हणाले. "पोराले फोन केला मी. बसनं येतो म्हणलं. गाडी कायले पाठवतं."

स्टँडवर आम्ही दोघं त्यांना सोडायला गेलो. एक पेटी, एक पिशवी. बस लागली, ते खिडकीशी बसले. मी तिकीट नीट ठेवा असं सांगितलं. ते मी दोनदा सांगितलं. बस हलली आणि काकाजींनी अचानक डोकं बाहेर काढलं. "सर, ते मांगच्या भितीचं एक सांगाचं राहूनच गेलं पाहा." पुढचं इंजिनाच्या आवाजात गेलं.

"काय म्हणाले?" बायकोनं विचारलं.

"भिंतीचं काहीतरी."

रात्रभर मला ती भिंत पडताना दिसली. सकाळी मी नागपूरला फोन लावला. काकाजी लगेच फोनवर आले, जणू शेजारीच बसले होते. मी विचारलं, "काकाजी, भिंतीचं काय सांगत होते तुम्ही?"

ते म्हणाले, "ते असं फोनवर नाई सांगता येत, सर. भित पाहून सांगाव लागते. याव लागन मले."

त्यानंतर सहा मंडया ते आले. दरवेळी पेटी ठेवली की मागे जायचे, भिंतीभोवती फिरायचे, बोटांनी ठोकून बघायचे आणि म्हणायचे, "आखीन वेळ हाये. पुढच्या बारीले सांगतो." बायको म्हणायची, "घाई नाही, काकाजी." गेल्या सालच्या मंडईला ते आले नाहीत. मंडईच्या आधीच मुलाचा फोन आला होता, बाबा गेले म्हणून.

आमच्या घराचं आता सगळं बदललं आहे. फरशी आली, नळ आला, पुढच्या खोलीवर स्लॅब पडला. मागची भिंत मात्र आहे तशी आहे. मिस्त्री दोनदा म्हणाला, पाडून विटांची करून टाकू. मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे.

"नको," ती त्याला म्हणाली. "तिचं काय आहे ते अजून आम्हाला कळलेलं नाही."