आईचं तोंड टीव्हीवर

डॉक्टर गेले.
माझ्या आईला तिचं तोंड आतून दाखवणारा पहिला माणूस.

मी आठवीत होते. आईला तिखट झोंबायला लागलं होतं. ठेचा लागला की डोळ्यांत पाणी.
पण तपासायला तयार नाही. आमच्या आळीतली एक काकू तोंडाच्या कॅन्सरनं गेली होती.
"चाकू लावत्याल. मी न्हाई यायची."

हे डॉक्टर आमच्या शाळेत दात तपासायला आले होते. मी म्हटलं, "अगं, ते कॅमेऱ्यानं बघतात. फक्त फोटो."
"फोटू व्हय? मग चल."

आमच्या निरगुडसरहून एसटीनं मंचरला, डॉक्टरांच्या दवाखान्यात. खुर्चीत बसून आईनं आ केला आणि डॉक्टर थांबलेच. आत सगळं काळं.
"मावशी, हे काय?"
"फोटू काढायचा म्हणून सकाळी दोनदा मिश्री लावली. त्वांड कसं स्वच्छ पायजे."

मला लाजून कुठं जाऊ असं झालं.
डॉक्टर रागावले नाहीत. पाण्याचा ग्लास पुढं केला. "आधी चूळ भरा."

मग पेनाएवढा कॅमेरा, टोकाला दिवा. ना सुई, ना चिमटा.
समोरच्या टीव्हीवर आईचं तोंड.
"ह्ये माजं हाय?"
"मग काय शेजारणीचं दाखवू?"

खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा होता. नेमका तिथंच, जिथं ती रोज ती तंबाखूची मिश्री धरून बसायची.
आईनं पटकन तोंड मिटलं.
"घाबरू नका. मिश्री आजपासून बंद. महिन्याभरानं परत फोटो काढू. चट्टा राहिला तर मात्र तुकडा काढून तपासावा लागेल."

तो महिना मी पाहिलाय. मिश्रीवाचून आई डोकं धरून बसायची. मिश्रीची डबी हातात घ्यायची, परत फळीवर ठेवायची.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी दोन्ही फोटो टीव्हीवर शेजारी शेजारी लावले.
चट्टा जवळजवळ गेला होता.
आई खुर्चीतच रडली.

मग गावभर सांगत सुटली, "माजं त्वांड टीव्हीवर व्हतं!"
"कुठल्या सिरियलमधी गं?" बायका चिडवायच्या.
त्यातल्याच चौघींना ती मंचरला घेऊन गेली. एसटीत चढायच्या आधी एकेकीला दम, "चूळ भरली का?"

पुढं मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले. पदवीच्या फोटोत माझ्यापेक्षा आईच जास्त हसतेय. सगळे दात दाखवून.

आज सकाळी तिला बातमी सांगितली.
ती उठली, चूळ भरली, पदर सारखा केला.
"चल. शेवटचं त्वांड बघून येऊ त्यांचं."

डॉक्टर, आईची आणि माझी कृतज्ञ श्रद्धांजली.