नब्राआत्याची कोरी भिंत

आमच्या वस्तीत सगळ्यांच्या भिंती चित्रांनी रंगवलेल्या आहेत, एक नब्राआत्याची सोडून. नवी सून आली की आठवड्याभरात कुणीतरी तिला सांगतंच, "ती कोरी भिंत दिसते ना, तिथे या भागातली सगळ्यात चांगला हात असलेली बाई राहते." सून बिचारी बुचकळ्यात पडते.

नब्राआत्या माझ्या वडिलांची चुलतबहीण. आमचं कुर्तान गाव अस्वानच्या धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. मी तर जन्मलोच कोम ओम्बोजवळच्या या सरकारी वस्तीत, जिथे घरं शाळेतल्या पोरांसारखी रांगेत उभी आहेत आणि नदी बघायची तर गाडी पकडावी लागते. गाव सोडायच्या दिवशी आत्याची आई शाया हिने दाराला कुलूप घातलं, भिंतीला ओठ टेकवले आणि किल्ली कमरेला खोचली. शायाची भिंत बघायला बायका पलीकडच्या काठावरून होडीने यायच्या म्हणे. इथे आल्यावर मात्र तिने चुन्यात पुन्हा बोट बुडवलं नाही. कारण विचारलं की म्हणायची, "परक्या भिंतीवर काय काढायचं?" ती गेली, किल्ली आत्याच्या कमरेला आली, आणि भिंत तशीच राहिली.

"मला दुसरं काही नको, शाझली," आत्या मला म्हणायची. "आईची भिंत एकदा बघायचीय. डोळे मिटले की वरची दिसते. खाली जावं तशी पुसट होत जाते."

मी अस्वानच्या एका संग्रहालयात दालनं उघडण्या-बंद करण्याचं काम करतो. दोन वर्षांपूर्वी तिथे कैरोहून शेरीन नावाची इंजिनीअर बाई आली, चार कॉम्प्युटर घेऊन. म्हणाली, बुडालेली गावं पुन्हा उभी करणार.

"गाव बुडवायलाही कैरोहूनच इंजिनीअर आले होते," मी म्हणालो. ती हसली. मी काही हसायला सांगितलं नव्हतं.

तिच्याकडे पेटीभर जुने फोटो होते. पाणी चढण्याआधी कुणा पाहणीवाल्याने होडीत बसून काढलेले. कॉम्प्युटर ते फोटो एकमेकांना जोडून घरं उभी करायचा. डोळ्यांवर जाडसर चष्मा बांधला की माणूस सरळ गल्लीत. कुर्तानची जवळजवळ सगळी घरं उभी राहिली. शायाचं घर सगळ्यात शेवटचं होतं आणि एकाच फोटोच्या कडेला त्याचा खालचा कोपरा तेवढा आला होता. ते घर आठवणारं कुणी आहे का, असं शेरीनने विचारलं तेव्हा माझा राग जरा उतरला, आणि मी आत्याला घेऊन गेलो.

चष्मा लावल्यावर आत्या सगळीकडे मान फिरवून बघू लागली. मला वाटलं, आता रडणार. कसलं काय!

"अगं बाई, ही दारं नदीकडे पाठ करून का बसलीत? रुसलीत की काय?"

"हाज्जा, आम्ही ती रस्त्याकडे केली," शेरीन म्हणाली. वयस्कर बाईला इकडे मानाने हाज्जा म्हणतात.

"कुठला रस्ता? आमचा रस्ता म्हणजे नदी. नवरा कामाला कैरोला गेलेला, बाई दारात बसायची ती नदीकडे बघत. फिरव सगळी. आणि या भिंती इतक्या गोऱ्यापान कशा? कुणाच्या घरात पोरं नव्हती का?"

"फोटोतले डाग कॉम्प्युटर आपोआप पुसतो."

"मग त्याला सांग, लोकांच्या घरात पुसापुशी करू नकोस. हात लागलेले नाहीत ते कसलं घर?"

शेरीनने मुकाट्याने दारं फिरवली आणि पुसलेले डाग एकेक करून परत घातले. महिनाभर तिचं तेच चाललं होतं. मी तिच्यासाठी स्वतःहून करकदे, म्हणजे जास्वंदीचा लाल चहा, करून नेऊ लागलो, यावरून काय ते समजा.

शायाच्या भिंतीचा वरचा भाग मात्र आत्यालाच काढावा लागणार होता. ती साफ नाही म्हणाली. शेरीनने दालनात मातीने लिंपलेला एक मोठा फळा उभा केला आणि शेजारी चुन्याचं भांडं ठेवलं. तीन आठवडे चुना वाळत होता आणि शेरीन तो रोज नवा कालवत होती. एका गुरुवारी आत्याने बाही वर केली. होडी, दोन विंचू, त्रिकोणांची रांग, दारावर शोभेला बसवलेल्या तीन बशा, असं सगळं तिने बोटाने एका दमात काढलं. गुडघ्याच्या उंचीला आल्यावर हात थांबला.

"यापुढचं आठवत नाही," ती म्हणाली.

शेरीनने ते चित्र फोटोतल्या कोपऱ्याला जोडलं. पंधरा दिवसांनी आत्या बघायला आली. नवी ओढणी, कमरेला किल्ली. चष्मा लावून ती शायाच्या दारापर्यंत चालत गेली, म्हणजे दालनातच सात-आठ पावलं. थांबली. तिचा चेहरा उतरलेला मला चष्म्याखालूनही कळला.

"ही माझी रेघ आहे," ती म्हणाली. "आईची जरा डावीकडे झुकायची. मी माझंच काढलेलं बघतेय रे. आईचं नाही."

मला भयंकर वाईट वाटलं. तिला आणलंच नसतं तर बरं, असंही वाटलं. ती चष्मा काढू लागली तेवढ्यात शेरीन घाईने म्हणाली, "हाज्जा, खाली फोटोतला एक डाग आहे. तुम्ही म्हणालात म्हणून परत घातला. ठेवू की पुसू?"

आत्याने खाली बघितलं. मग ती हळूहळू जमिनीवर बसली.

"पुसू नकोस," ती म्हणाली. "डाग नाही तो. दहब आहे."

कॉम्प्युटरवर मी वाकून बघितलं. चुन्यात बुडवून उमटवलेला एवढासा पंजा, करंगळी जरा वाकडी. दहब म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, तीन वर्षांचा. इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात तापाने गेला. त्याचा एकही फोटो नाही.

"चुना ओला होता, त्यात हात घातला गाढवाने," आत्या सांगू लागली. "आईने धपाटा घातला. मी पंजा पुसायला गेले तर उलट मलाच ओरडली. राहू दे म्हणाली." तिने कमरेची किल्ली मुठीत धरली. "आईने चुन्यात बोट घालायचं सोडलं ते गावासाठी नाही, शाझली, दहबसाठी. मी मात्र आयुष्यभर ते खापर परक्या भिंतीवर फोडत आले."

तिने हात पुढे केला. हवेत चाचपडली. "हाताला काहीच लागत नाही रे."

शेरीन धावत जाऊन प्रोजेक्टर घेऊन आली. तिने शायाची भिंत दालनाच्या खऱ्याखुऱ्या भिंतीवर पाडली, मूळ होती तेवढीच मोठी. मी आत्याचा चष्मा काढला. ती बसल्या बसल्या पुढे सरकली आणि पंजावर आपला हात टेकवला. टेकवताच पंजा भिंतीवरून निघून तिच्या हातावर आला. सुरकुतलेल्या हाताच्या पाठीवर दहबचा छोटा पांढरा हात.

आत्या हलली नाही. लहान मुलाला कडेवरून उतरू नको म्हणून सांगतात तशी आमच्या भाषेत हळूच म्हणाली, "थांब हं. जरा थांब."

संग्रहालय पाचला बंद होतं. पाच वाजून गेले होते. मी किल्ल्या खिशातच ठेवल्या.