नांगीचं रोप

शेगावहून मोटरसायकलवर येणारा आमचा सर्व्हरवाला बैलाशी बोलावं तसं यंत्राशी बोलायचा. "काऊन तापून राह्यला बे?" म्हणत आधी रुमालानं धूळ पुसायचा, मगच बसायचा. दिलेला चहा मात्र दर वेळी निवून जायचा. मला त्याचा थोडा रागच यायचा.

बोंडअळीनं खाल्लेल्या बीटी कपाशीचे गावोगावचे फोटो आमच्या शेतकरी संस्थेकडे होते. त्यासाठी त्यानं सर्व्हरमध्ये दोन डिस्का बसवल्या. एकीवर ठेवलेलं त्याच क्षणी दुसरीवरही उमटायचं. जोडून झाल्यावर त्यानं चालू यंत्रातून एक डिस्क खसकन ओढली. मी धावत पडद्याकडे गेलो. फोटो मात्र उघडत होते.

"पण भाऊ, हा आरसा हाये," तो म्हणाला. "इथं पुसलं तं तिथंबी पुसते."

पुढं मीच चुकून फोटोंचं फोल्डर पुसलं. तोवर शेतांतल्या कपाशीच्या पऱ्हाट्याही उपटून झाल्या होत्या. पुन्हा फोटो काढायचे कशाचे?

तो आला, आणि आमच्याच कपाटाच्या वरच्या खणातून रुमालात गुंडाळलेली तिसरी डिस्क काढली. दर भेटीत तो तिच्यावर नक्कल उतरवत होता. चहा निवायचा तो यापायी.

"कपाशी टोबली का आमची माय थोडे दाणे पिशव्यांत लावून बांधावर ठेवते," तो म्हणाला. "एखांदं रोप मेलं तं त्या खाली जागी लावाले, नांग्या भराले."

फोटो परत आले. त्या दिवशी मी चहा पुन्हा गरम करून आणला, आणि त्याचा कप रिकामा होईपर्यंत त्याला यंत्राला हात लावू दिला नाही.