बाबुशची रोजची एक गोळी

आमच्या कट्टा गावच्या बाजारात बाबुशचं आणि मेडिकलवाल्या शर्मिष्ठेचं काहीतरी आहे, ही बातमी पसरवणाऱ्यांत मी पहिला. पण तुम्हीच सांगा, सत्तरी ओलांडलेला गणिताचा मास्तर, बायको ईडा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा क्लेटन दुबईत, आणि हा रोज पाचाच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात हजर! "एक दी गो, गुडघ्याची." दहाची पट्टी घेण्याचं नाव नाही. एक गोळी, मग तासभर बसणं.

"रे बाबुश, गुडघे दुखतत काय काळीज?" मी विचारायचो. तो हसून गोळी खिशात टाकायचा.

मग पाय सुजले. रक्त तपासलं, तर मूत्रपिंडं अर्धी गेलेली. ना मधुमेह, ना प्रेशर. गोव्याच्या इस्पितळात पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढला. सोबतीला मीच होतो. सहा तास उताणं पडायचं, आणि दर अर्ध्या तासाने नर्स येऊन "बरं वाटतंय ना?" विचारणार. बाबुशला इतकं खूश मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

आठवड्याने अहवाल आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूत्रपिंडातल्या गाळण्या बऱ्या आहेत, पण त्यांच्या मधला भाग वाळत चाललाय. असं दिसलं की आम्ही आधी दुखणं थांबवायच्या गोळ्यांचं विचारतो. गुडघे फार दुखतात?"

"दुखायचे. थांबून चार वर्षं झाली."

"मग गोळी का घेता?"

"आणलेली वाया कशी घालवायची?"

"पण आणता कशाला?"

बाबुशने टोपी चाचपली. "शर्मिष्ठा विचारते, 'सर, आज कसं आहे?' म्हणून."

माझी मस्करी तिथेच जिरली. गोळ्या बंद केल्या तर उरलेलं टिकेल, एवढंच बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाचाला तो निघाला, पण दुकानापुढून मान खाली घालून. शर्मिष्ठेने हाक मारली, "सर, आज गोळी नको?"

"नको. डाक्टरांनी बंद केल्यानी."

"मगे नुसते बसा मां!"

"काम नसताना दुसऱ्याच्या दुकानात बसू कसो गो?"

तो सरळ एसटी स्टँडवर जाऊन बसला. तिथे कुणाला कारण सांगावं लागत नाही. अंधार पडता पडता देवगडची गाडी लागली, आजूबाजूचे सगळे चढले. दार ओढता ओढता कंडक्टरने विचारलं, "मास्तर, येताय?"

"पुढच्या गाडयेन," बाबुश म्हणाला.

ती दिवसातली शेवटची गाडी होती.