पलीकडचा सांधा

डिप्लोमा कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागले होते. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत कुणाचा टेप अडकला, कुणाचा मिक्सर जळला की माणसं थेट आमच्या दारात. म्हणून समोरचे काका एका रविवारी आले, तेव्हा मला वाटलं, रेडिओ असेल. काका रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर.

"रेडिओ न्हाय पोरी," ते म्हणाले. "स्टेशन हाय. वायरिंग करायचं हाय."

समोर त्यांच्या घराच्या माडीवर प्लायवूडच्या मोठ्या फळीवर एक अख्खं स्टेशन उभं होतं. बोटीवर नोकरीला असलेल्या मुलानं परदेशातून छोटं इंजिन, डबे आणि रूळ आणून दिले होते. बाकी सगळं काकांनी हातानं केलेलं: कौलारू स्टेशन, पाण्याची टाकी, मागं भुशाचा डोंगर. हे त्यांच्या नोकरीतलं पहिलं स्टेशन होतं, घाटातलं.

दोन रूळ शेजारी शेजारी होते, मेन लाईन आणि लूप, म्हणजे गाडी बाजूला घेऊन उभी करायचा रूळ. मेनवरची गाडी लूपवर जावी म्हणून मधे तिरका रूळ. त्या तिरक्या रुळाच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा, म्हणजे गाडीची वाट बदलणारी हलती पात. प्रत्येक सांध्याखाली छोटी मोटर. बटण दाबलं की क्षणभर वीज जाते आणि पात टक् करून दुसऱ्या बाजूला बसते. दोन्ही सांधे एकदम बदलायला हवेत, नाहीतर गाडी अर्ध्या वाटेत घसरणार. म्हणून मी दोन्ही मोटरी एकाच बटणावर घेतल्या. बटण दाबलं. टक्-टक्. काका लहान मुलासारखे हसले.

पुढच्या रविवारी गेले तर पलीकडचा सांधा उलटा पडलेला. अलीकडचा जागेवर.

"काका, हात लागला का?"

"न्हाय."

एकाच तारेवरच्या दोन मोटरी, एक बदलते आणि दुसरी बदलत नाही, असं होऊ शकतं. सोल्डरचा डाग कच्चा असेल. मी पुन्हा डाग दिले, मीटर लावून तपासलं. सगळं चोख होतं. मी चहाचा कप उचलला आणि मागं टक् झालं. एकदाच. वळून पाहिलं तर पलीकडची पात हललेली.

मोटरींना झटका द्यायला बटणामागं बसवलेल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिली असेल, मी मनाशी म्हटलं. तो मी रिकामा केला. त्यानंतरच्या एका दुपारी मात्र लोडशेडिंग होतं. पंखा बंद, प्लग भिंतीतून काढून माझ्या मांडीवर ठेवलेला. उन्हाचा पट्टा फळीवर पडला होता. त्या लख्ख उजेडात, माझ्या डोळ्यांसमोर, पलीकडची पात सरकली. सावकाश. मोटर पात झटक्यानं फेकते. ही कुणीतरी जोर लावून रेटावी तशी गेली, आणि शेवटी टक् झालं.

मी काकांकडे पाहिलं. काकांनी मान वर केली नाही. ते एका डब्याचं चाक पुसत होते.

मी खाली आले. स्वयंपाकघरात काकू भाकरी थापत होत्या. माझं तोंड बघून त्यांनी हात थांबवला.

"पलीकडचा का?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी तवा उतरवला आणि पाटावर बसल्या.

"त्या स्टेशनात अलीकडचा सांधा स्टेशनातनंच दांडा वढून हलायचा. पलीकडचा लांब व्हता, त्यो हातानं बदलायचा. त्याला एक सांधेवाला व्हता. आमच्यातच जेवायचा. एका दुपारी धुकं असं पडलं की हात दिसंना. मालगाडी लूपवर घ्यायची व्हती. ह्यांनी त्याला पाठवला. थोड्या वेळानं धुक्यातनं हिरवा झेंडा हलला. गाडी नीट आत आली. त्यो मागं आलाच न्हाय."

"म्हणजे?"

"हे गेले बघायला. सांधा बरोबर लावलेला, कुलूप घातलेलं, झेंडा रुळाच्या कडंला रोवलेला. माणूस न्हाय. दरी बघितली, वढा बघितला, गावंच्या गावं पालथी घातली. कधी गावलाच न्हाय बघ."

मी पुन्हा वर गेले, कारण माझी हत्यारं वरच होती. काका म्हणाले, "त्या सांध्याची तार काढून टाक. मोटर पण. त्याचं काम त्यो करंल."

मी काढली. वाद घालायचं धैर्य नव्हतं.

त्यानंतर काका गाडी चालवायचे ती अशी: अलीकडच्या सांध्याचं बटण दाबायचे, मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मान जरा कलती करून थांबायचे. पलीकडून टक् यायचं. मगच गाडी सुटायची. मी कितीदा तरी पाहिलं. घरी येऊन विचार करायचे, तिरक्या रुळावरून येणारी इंजिनाची चाकंच पातीला ढकलत असतील, कधी कधी तसं होतं. पण आवाज गाडी सुटायच्या आधी यायचा.

काका थंडीत गेले, झोपेतच. दिवसकार्य पार पडल्यावर काकूंनी मला बोलावलं. त्या आपल्या लेकीकडे वारणानगरला राहायला निघाल्या होत्या.

"एकदा चालव," त्या म्हणाल्या. स्टेशन मांडल्यापासून माडीवर त्या पहिल्यांदाच चढल्या होत्या.

मी अलीकडचं बटण दाबलं. आम्ही दोघी थांबलो. रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. खालच्या नळाचं पाणी पडत होतं. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. काहीच झालं नाही.

"न्हाय का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

मग मी वाकून बोटानं ती पात ढकलली. ती घट्ट होती, नख लावून जोर करावा लागला. गाडी सोडली. ती तिरक्या रुळावरून लूपवर गेली आणि स्टेशनासमोर थांबली. काकू बराच वेळ त्या रिकाम्या फलाटाकडे बघत राहिल्या.

"बास," त्या म्हणाल्या. "दोघं बी घरी गेले म्हणायचे."

मी प्लग काढला आणि तारा सोडवायला बसले. काकू खाली गेल्या नाहीत. सुटलेली एकेक तार मी त्यांच्या हातात देत होते, आणि त्या ती गुंडाळून ओटीत ठेवत होत्या.