उजवीकडे कललेली बोट

मिस्त्रींच्या हातात कुठलीही वस्तू दिली, की ते आधी ती बोटावर तोलून बघत. छत्री, पळी, झाडू, एकदा तर दुरुस्तीला नेलेली माझी चप्पलसुद्धा. वस्तू डुलत डुलत स्थिर झाली की त्यांचा चेहरा खुलायचा. माझ्या लाकडी फूटपट्टीवर त्यांनी पेन्सिलीने केलेली खूण अजून आहे, पंधरा सेंटिमीटरच्या जरा अलीकडे. "तीसच्या पट्टीचा मध्य पंधरावरच यायला पाहिजे मिस्त्री," मी म्हटलं होतं. "भोकाचं काय बाई?" ते म्हणाले. पट्टीच्या तीसच्या टोकाला खिळ्याला अडकवायचं भोक होतं. वीस वर्षं ती पट्टी घेऊन फळ्यापुढे उभी राहणारी मी, गणिताची बाई; ते भोक मी कधी हिशेबात धरलंच नव्हतं.

कुरुंद्याला आमच्या शाळेसमोर त्यांचं मोटर वायंडिंगचं दुकान होतं. हळदीचा हंगाम आला की हळद पॉलिश करायच्या ड्रमच्या जळक्या मोटारी दाराबाहेर रांगेत पडलेल्या असत आणि दुकानातलं सगळं, मिस्त्रींच्या भुवयांसकट, पिवळं झालेलं असे. एकदा नांदेडचा एक हौशी इंजिनिअर लिंबाएवढी मोटर घेऊन आला. ती रिमोटवर पळणाऱ्या शर्यतीच्या बोटीची होती. मिस्त्रींनी तिची जळकी तार काढून ती नव्याने भरून दिली. त्या माणसाने खूश होऊन आपली एक जुनी, तडा गेलेली बोट त्यांना देऊन टाकली. हातभर लांबीची, नाकाकडे निमुळती. झालं! साठीला टेकलेला माणूस त्या दिवसापासून हातचा गेला.

मला त्या बोटीतलं काही म्हणजे काही कळत नसे. शाळा सुटली की मी चहाला दुकानात टेकायची आणि गोंधळून घरी जायची. बोटीचा पंखा अंगठ्याच्या नखाहून थोडा मोठा, दोनच पात्यांचा. मिस्त्री तो बारीक तारेवर अडकवून दोन ब्लेडच्या धारांवर ठेवत. जड पातं खाली यायचं. मग पॉलिश पेपरने ते केसभर घासायचं, परत ठेवायचं, परत घासायचं. असे चार दिवस. "एवढ्याशा पंख्यानं काय फरक पडतो?" मी विचारलं. "ह्यो मिनिटाला हजारो फेरे घेतो बाई. इथं केसभर चुकलं तर तिथं अख्खी बोट थरथरती." बोट थरथरली तर काय बिघडतं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

कारण विचारणं मला जमतच नाही. वर्गात न कळता मान डोलावणाऱ्यांवर मी आयुष्यभर खेकसत आले, आणि त्या दुकानातल्या स्टुलावर बसून मी स्वतः नंदीबैलासारखी मान हलवत होते. पिस्तुलाच्या आकाराचा, बाजूला चाक असलेला रिमोट घेऊन रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जा म्हणाले, की जायची. दुकानातून ते ओरडत, "चाक फिरवा!" मी फिरवायची, आणि दुकानात स्टँडवर ठेवलेल्या बोटीचं सुकाणू हललं की ते हात वर करत. एवढ्या लांब इशारा पोचतो का, ते बघायचं असे. गावात मात्र बाई रस्त्यात खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरतात, असं झालं.

सगळ्यात गोंधळाची गोष्ट म्हणजे बॅटरी. ती ते कधी पुढे सरकवत, कधी मागे, मग बोट पाण्याच्या टबात सोडून डोळा बारीक करून बघत. "काहून बघून राहिल्या अशा?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, "बोट जरा एका बाजूला कलली आहे." ते हसले. "उभ्याचं सोडा बाई. पळताना काय करती ते महत्त्वाचं." मी मान डोलावली.

पुढे एका वर्षी मिस्त्रींच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. तांब्याची तार सुटू लागली. नागपूरची मुलगी म्हणाली, बाबा, आता पुरे, इकडे या. मिस्त्री कबूल झाले, पण तलावावर दरवर्षी होणारी रिमोटच्या बोटींची शर्यत झाल्यावर. त्या शर्यतीत ते दोनदा उतरले होते आणि दोन्ही वेळा बोट मध्येच पलटी झाली होती. "नंबर नको मला. सहा फेऱ्या पुऱ्या कराव्या एकदा. मग हात गेला तर जाऊ दे."

शर्यतीला मी त्यांच्याबरोबर जीपने गेले. रस्ता सगळा खड्ड्यांचा. तलावाच्या काठावर त्यांनी बोट बरोबर आणलेल्या टबात सोडून बघितली आणि ते हात धुवायला गेले. मी बघितलं तर बोट उजवीकडे कललेली. झाकण उघडं होतं. आत बॅटरी मधोमध नव्हती, अंगठाभर उजवीकडे होती. खड्ड्यांनी सरकली असणार! मी ती अलगद उचलली, बरोबर मध्यावर दाबून बसवली. बोट टबात अशी सरळ उभी राहिली, की भूमितीच्या पुस्तकात छापावी. तेवढ्यात मिस्त्रींच्या नावाचा पुकारा झाला. पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणावर टेप लावायची असते. घाईघाईने तीही मीच लावली. ते धावत आले. "आत सगळं बराबर?"

"एकदम बरोबर," मी म्हटलं.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. बोट सुटली, नाक उचललं, वेग घेतला आणि पहिल्याच सरळ पट्ट्यात डावीकडे लोळली. एक कोलांटी, दुसरी, आणि मग पालथी. शेजारी उभा असलेला परभणीचा एकजण हळहळला, "मॅडम, पंखा एकीकडे फिरतो, तो बोटीला दुसरीकडे लोळवतो. ह्यांनी वजन उजवीकडे घेतलं नव्हतं का?"

घेतलं होतं. घेतलं होतं हो, मी ते काढलं!

बोट काठावर आणली. मिस्त्रींनी माझ्याकडे पाठ करून झाकण उघडलं. बराच वेळ ते आत बघत होते. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मग झाकण लावून उठले आणि म्हणाले, "लाट आडवी आली असंल." तलावावर त्या सकाळी लाट नावाला नव्हती. परतीच्या वाटेवर ते हळदीच्या भावावर बोलले आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, ते काही केल्या तोंडातून निघेना.

ते नागपूरला निघाले त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर मी ते एकदाचं बोलले. "मिस्त्री, त्या दिवशी बॅटरी मी सरकवली होती. मला वाटलं, चुकून हलली."

"कोणत्या दिवशी?" त्यांनी विचारलं.

चेहऱ्यावर काही नव्हतं. विसरले होते? की मला सोडवत होते? मी परत सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी रिमोटसकट बोट माझ्या हातात दिली. "तिकडं फ्लॅटात पाणी कुठंय? तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." मी ती कपाटावर ठेवली आणि लाजेने कधी खाली काढली नाही. आठ महिन्यांनी मुलीचा फोन आला, बाबा गेले.

त्या दिवशी मी बोट काढली. झाकण उघडलं आणि बघतच राहिले. आत, जिथे मी बॅटरी बसवली होती त्या मधल्या जागेवर, सागाची एक छोटी पट्टी चिकटवलेली होती. नीट घासलेली, पण कडेला थोडी वेडीवाकडी, कंपाच्या हाताने लावलेली. आता बॅटरी मधोमध बसूच शकत नव्हती. ठेवायची म्हटली तर एकाच जागी जात होती, अंगठाभर उजवीकडे. शर्यतीच्या आधी ती पट्टी तिथे नव्हती.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मग "कोणत्या दिवशी" कशाला विचारलं? रागावले असते तर मी एकदा रडून मोकळी झाले असते. आणि बोट मलाच द्यायची हे कधी ठरवलं होतं, पट्टी लावायच्या आधी की नंतर? मला अजूनही कळत नाही, आणि आता विचारायला कुणी उरलं नाही.

रविवारी ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेततळ्यावर गेले. बॅटरी चार्ज करून तिच्या जागी ठेवली, टेप लावली, बोट पाण्यात सोडली. ती उजवीकडे कलून उभी राहिली. माझा हात सवयीने पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. रिमोटचा घोडा दाबला. बोट सुटली, आणि वेग चढला तशी हळूहळू सरळ झाली. माझ्या डोळ्यांसमोर सरळ झाली.

मी मोठ्याने मोजू लागले. पाचव्या फेरीला डोळे इतके भरले, की बोट नीट दिसेना. सहावी मी नुसत्या आवाजावर पुरी केली.