हिमवादळासाठी केलेलं कलम

दोन हजार आठच्या आसपास मी कॅनडात, मिसिसागातल्या आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष होतो, तोही सलग तिसऱ्या वर्षी. दुसरं कुणी उभंच राहत नसे, आणि मी त्याला माझी लोकप्रियता समजत असे.

मंडळाच्या घटनेत मीच एक कलम घातलं होतं: हिमवादळात अध्यक्षाने समितीला न विचारता निर्णय घ्यावा. एका फेब्रुवारीत हळदीकुंकू रद्द करायचं की नाही यावर अकरा जणांची समिती फोनवर भांडत बसली होती आणि तोवर बायका बर्फ तुडवत हॉलवर पोचल्याही होत्या. कलम इतकं सोयीचं निघालं की भर उन्हाळ्यातही मी ते वापरू लागलो. मोदक उकडीचे की तळणीचे? आणीबाणी. नाटकात नायिका कोण? आणीबाणी. भांडून दमलेल्या पुणेकर-नागपूरकरांना बरंच वाटलं. फक्त मंडळाचे संस्थापक, एक निवृत्त डॉक्टरकाका, दर वेळी पत्राने निषेध कळवत. मी ती पाकिटं फोडतही नसे.

त्याच वर्षी अकरावीतल्या लेकीला इतिहासाचा प्रोजेक्ट मिळाला: पहिलं महायुद्ध हरल्यावर जर्मनीत जन्मलेली लोकशाही का टिकली नाही? शाळेत इतिहासात जेमतेम काठावर पास झालेला मी, तिला शिकवायला बसलो.

"हुकूमशहा आला, संपलं," मी म्हणालो.

"नो बाबा, दॅट्स द लास्ट पार्ट."

मग तिनेच मला शिकवलं. देश हरलेला, चिडलेला. पक्ष ढीगभर, सरकारं धड वर्षभर टिकत नव्हती. घटनेत एक कलम होतं: संकटात राष्ट्राध्यक्षाने संसदेला न विचारता हुकूम काढावेत. आधी ते बंडाळीपुरतं वापरलं, शेवटी रोजच्या कारभारासाठी. हुकूमशहा आला तोवर लोकांना हुकमांची सवय झालेली होती.

"काइंड ऑफ लाइक युअर स्नो रूल," ती मान वर न करता म्हणाली.

मोदकांनी देश बुडत नसतात, असं मी तिच्यावर खेकसलो. पण मग वर जाऊन काकांची सगळी पाकिटं फोडली. शेवटच्यात समितीच्या सदस्यत्वाचा राजीनामा होता, दोन महिन्यांपूर्वीचा. मला लाज वाटली. त्यांच्याशिवाय हे मंडळ उभंच राहिलं नसतं. मी फोन करून माफी मागितली. "कलम काढ, मग परत येतो," ते म्हणाले. राजीनामा मी वाचलाच नव्हता, त्यामुळे तो मंजूरही झाला नव्हता; म्हणजे कलम काढायच्या सभेला ते सदस्य म्हणूनच येऊ शकत होते. माझ्या आळसाचा एवढा तरी उपयोग झाला.

रविवारी दुपारी सभा ठेवली. कोरमला सहा जण हवे होते. आलो दोघेच, मी आणि काका. उरलेल्या नऊ जणांना मी एकेक करून फोन लावला. नऊही जण म्हणाले, "अहो, तुम्ही ठरवाल ते आम्हाला चालेल."

"मग आता एकच उपाय," थर्मासातला चहा ओतत काका म्हणाले. "तुझं कलम वापर आणि त्यानेच ते कलम रद्द कर."

ते खो-खो हसले. मला हसू आलं नाही. नवव्या फोनवरही ते "तुम्ही ठरवाल ते" ऐकताना मला आतून छान वाटलं होतं, आणि हे त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही.